काझादो, सोल्दादो आणि दाईचे दूध : पोर्तुगीज गोवा-वसईतील वसाहतकऱ्यांची उतरंड

१.
इ.स. १५७०च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाच्या फौजांनी चौलच्या पोर्तुगीज वसाहतीला वेढा घातला. या सुलतानाच्या घराण्याचे मूळ आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीत सांगितले जाते. फेरिश्ताने नोंदवलेल्या परंपरेनुसार निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा. वेढा कित्येक महिने चालला आणि १५७१च्या पावसाळ्यात तहाने उठला. तटाच्या आत लढणाऱ्या साऱ्या माणसांना दख्खनने एकच नाव दिले होते : फिरंगी.

२.
तटाच्या आत मात्र त्या एका नावाखाली अनेक माणसे होती आणि त्यांच्यातील अंतर त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते. कोण लिस्बनहून आला, कोण गोव्यात जन्मला, कोणाची आई कोण, कोणाचे लग्न झाले, कोणाचा आजा ज्यू होता, यावर माणसाचे पद, पगार, नगरसभेतील जागा आणि मुलीचे लग्न ठरत असे. या थ्रेडचा विषय ती उतरंड आहे. ती उभी कशी राहिली आणि तिचा भार कोणावर होता, हे पाहणे महत्त्वाचे.

३.
दख्खनच्या वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. बहमनी दरबारात ‘आफाकी’ म्हणजे इराण-अरबस्तानाकडून नव्याने आलेले आणि ‘दखनी’ म्हणजे येथे रुजलेले, असे दोन गट होते. १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा बळी गेला तो याच वैरात. समुद्रापलीकडून ताजा आलेला स्वतःला श्रेष्ठ समजतो आणि येथे रुजलेला त्याचा द्वेष करतो, हे दख्खनने पोर्तुगीजांच्या आधीच पाहिले होते. पोर्तुगीजांनी त्यात भर घातली ती ‘रक्ताच्या शुद्धते’ची.

४.
आरंभ १५१०चा. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. जिंकलेले शहर राखायचे कसे, हा खरा प्रश्न होता. लिस्बनहून निघालेले जहाज सहा-सहा महिने समुद्रावर राही. वाटेत माणसे मरत, आणि जहाजावर स्त्रिया जवळजवळ नसतच. अल्बुकर्कने आपल्या माणसांची लग्ने येथेच लावून दिली. बायका कोण? लढाईत मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या विधवा आणि मुली, शहर पडल्यावर हाती सापडलेल्या स्त्रिया. त्यांना बाप्तिस्मा देण्यात आला, पोर्तुगीज नावे देण्यात आली. नवऱ्यांना घर, जमीन, घोडा मिळाला. ती घरे आणि जमिनी बहुतेक त्याच मारल्या गेलेल्या वा परागंदा झालेल्या लोकांच्या होत्या.

५.
या घटनेला पुष्कळदा ‘मिश्रविवाहांचे उदार धोरण’ म्हणून गौरवले जाते. विसाव्या शतकातील पोर्तुगीज राजवटीने तर आपण वर्णद्वेषापासून मुक्त असल्याचा तो पुरावाच मानला. जिच्या घरची माणसे मारली गेली तिला मारणाऱ्यांपैकी एकाच्या स्वाधीन करणे, याला उदारपणा म्हणताना निदान थोडे अडखळायला हवे.

६.
त्या लग्नांतून नव्या समाजाचा कणा तयार झाला : ‘काझादो’. शब्दाचा अर्थ एवढाच की ‘विवाहित’. मात्र गोव्यात त्याला नागरिकत्वाचे वजन आले. काझादो म्हणजे घर-संसार करून स्थायिक झालेला. त्याला आरमारात जाण्याची सक्ती नसे. शहरावर संकट आले तर मात्र शस्त्र घेऊन तटावर उभे राहणे त्याचे कर्तव्य होते. गोव्याच्या नगरसभेला लिस्बनच्या धर्तीवर अधिकार मिळाले आणि ती काझादोंची सभा झाली. ते किनाऱ्यावरच्या गलबतांत पैसे गुंतवत आणि तांदूळ, कापड, घोडे यांचा व्यापार करत. मिरी राजाच्या मक्तेदारीत असल्याने ती तेवढी सोडायची, म्हणजे कागदावर.

७.
अविवाहित तो ‘सोल्दादो’, म्हणजे शिपाई. मधली पायरी नाही. पोर्तुगालहून आलेला अविवाहित पुरुष, मग तो शेतकऱ्याचा मुलगा असो की न्हाव्याचा, येथे शिपाईच गणला जाई. त्यांत ‘देग्रेदादो’ही पुष्कळ असत. देग्रेदादो म्हणजे गुन्ह्याची शिक्षा म्हणून मायदेशातून हद्दपार करून पाठवलेला.

८.
सोल्दादोचे जीवन कसे होते, हे यान ह्युगेन व्हान लिन्सखोतेन या डच तरुणाने पाहिले. तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता आणि त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिपायांना राहायला छावणी नव्हती. दहा-बारा जण मिळून एक घर भाड्याने घेत. घरात काही स्टुले, एक टेबल, प्रत्येकाला एक खाट, सर्वांत मिळून एखाद-दुसरा गुलाम. आणि सर्वांत मिळून दोन-तीन चांगले रेशमी पोशाख! ज्याची पाळी तो पोशाख चढवून, छत्री धरणारा गुलाम मागे घेऊन, सरदाराच्या डौलात रस्त्यातून फिरे. बाकीचे घरी बसत.

९.
हसू येते खरे, परंतु त्या पोशाखामागे हिशेब होता. पगार आरमार बाहेर पडल्यावरच मिळे, आणि आरमार पावसाळा सरल्यावरच बाहेर पडे. चार महिने समुद्र बंद म्हणजे चार महिने चूल बंद. या काळात शिपाई एखाद्या ‘फिदाल्गो’च्या, म्हणजे खानदानी सरदाराच्या, पंक्तीला जेवत. सरदाराला पुढच्या मोहिमेसाठी माणसे हवी असत आणि शिपायाला अन्न. रस्त्यात रुबाबदार दिसणे हीच त्याची उमेदवारी होती. फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा पिरार १६०८ ते १६१०च्या सुमारास गोव्यात होता. त्याने नोंदवले आहे की आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले की साधी माणसेही स्वतःला खानदानी म्हणवू लागत. आडनाव विचारणारा ओळखीचा कोणी जहाजावर नसला म्हणजे झाले.

१०.
ज्यांना ही उपासमार सोसवत नसे ते पळून जात. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बंगाल या सर्व ठिकाणी पोर्तुगीज गोलंदाजांना मागणी होती. सांशो पिरेश नावाचा एक साधा गोलंदाज बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी जाऊन मोठ्या हुद्द्याला पोहोचला. पाथरीचा प्रदेश वऱ्हाडच्या इमादशाहीकडून जिंकून घेणारा तो हाच बुऱ्हाण. गोव्यात जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या पंक्तीला जेवला असता तो अहमदनगरात सेनानी झाला, आणि पाद्री त्याला धर्मभ्रष्ट म्हणत राहिले.

११.
आता जन्माची उतरंड. सर्वांत वर ‘रेइनोल’, म्हणजे पोर्तुगालच्या राज्यात जन्मलेला. त्याखाली ‘कास्तिसो’, येथे जन्मलेला, पण आईबाप दोघे पोर्तुगीज. त्याखाली ‘मेस्तिसो’, मिश्र रक्ताचा. या व्याख्या पक्क्या होत्या असे मात्र समजू नये. जेझुइटांचा निरीक्षक आलेसांद्रो वालिन्यानो याच्या लेखी कास्तिसो म्हणजे बाप युरोपी आणि आई अर्धी युरोपी. एकाच्या वहीत कास्तिसो असलेला दुसऱ्याच्या वहीत मेस्तिसो ठरू शकत होता. गोऱ्या कातडीचा, पैसेवाला, चांगल्या घरात लग्न केलेला मेस्तिसो हळूहळू कास्तिसो होई. गरीब झालेल्या कास्तिसोचा प्रवास उलट दिशेने चाले.

१२.
येथे एक शब्द थांबून पाहण्यासारखा आहे. ‘कास्तिसो’ हा ‘कास्ता’पासून आला. कास्ता म्हणजे वंश, बीज, जात. भारतातील जातींना पोर्तुगीजांनी हाच शब्द लावला, तोच पुढे इंग्रजीत जाऊन ‘कास्ट’ झाला आणि आज आपल्याच समाजाबद्दल बोलताना आपण तो वापरतो. येथील जातिव्यवस्थेला युरोपी नाव ज्यांनी दिले ते स्वतःच्या घरातही तोच शब्द घेऊन वावरत होते.

१३.
या उतरंडीतील सर्वांत विलक्षण वाद मराठी मुलखात जन्मलेल्या एका माणसाने जगापुढे मांडला. फ्राय मिगेल द पुरिफिकासांव हा फ्रान्सिस्कन साधू वसई प्रांतातील तारापूरचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातला. आईबाप दोघेही पोर्तुगीज. तरीही पोर्तुगालमध्ये जन्मलेले साधू त्याच्यासारख्यांना मठातील वरच्या पदांपासून दूर ठेवू पाहत. कारण काय, तर रक्त शुद्ध असले तरी ही मुले हिंदी दायांच्या दुधावर वाढली. दुधाबरोबर काळे रक्त अंगात गेले!

१४.
मिगेल युरोपला गेला आणि १६४० मध्ये बार्सिलोनात त्याने ‘पूर्व हिंदच्या पुत्रां’च्या बचावाचा ग्रंथ छापून घेतला. त्याचे एक उत्तर बिनतोड होते : पोर्तुगालमध्ये जन्मलेले म्हणवणाऱ्यांपैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या हिंदी वा आफ्रिकी असतील, त्यांचे काय? परंतु मिगेलचे म्हणणे नीट वाचले की त्याची मर्यादाही दिसते. दाईच्या दुधाने माणूस हलका होत नाही, असे त्याला म्हणायचे नव्हते. आम्ही हलके नाही, एवढेच त्याला सांगायचे होते. खालच्या पायरीवरच्यांबद्दल त्याला काही देणेघेणे नव्हते. त्या दायांचे म्हणणे तर कोणी लिहूनच ठेवले नाही.

१५.
अल्बुकर्कच्या काळात सुरू झालेल्या लग्नांचे पुढे काय झाले, ते यावरून कळते. ज्या मुलांच्या जोरावर वसाहत टिकवायची होती, त्याच मुलांना दोन-तीन पिढ्यांत ‘मेस्तिसो’ म्हणून खाली बसवण्यात आले. दरवर्षी नवे जहाज येई, नवे रेइनोल येत, आणि आधी आलेल्यांचे वंशज आणखी एक पायरी खाली सरकत. स्पॅनिश अमेरिकेतही स्पेनमध्ये जन्मलेले, तेथे जन्मलेले गोरे आणि मिश्र असे थर याच शतकात बसत होते. फरक एवढा की तेथे वसाहतकरी लाखांच्या दिशेने वाढले, येथे ते हजारांतच राहिले. त्यामुळे येथे प्रत्येक लग्न मोजले जात होते.

१६.
सोळाव्या शतकाच्या मध्यापासून राजाने पोर्तुगालहून कुलीन अनाथ मुली पाठवायला सुरुवात केली. त्या ‘राजाच्या अनाथ मुली’ म्हणून ओळखल्या जात. संख्या थोडी, काही वेळा वर्षाला मूठभर. हुंडा रोखीने नसे. मुलीशी लग्न करणाऱ्याला एखादी सरकारी जागा मिळे : वखारीतील कारकुनी, एखाद्या गढीची कप्तानी. जागा मुलीच्या नावाने, काम नवऱ्याचे.

१७.
हेच सूत्र वसईत गावांपर्यंत पोहोचले. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दमणपासून चौलपर्यंतचा ‘उत्तर प्रांत’ उभा राहिला. गोव्यात जमीन गावकऱ्यांच्या संस्थांकडे राहिली होती. येथे मात्र गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांना ठरावीक वार्षिक खंडावर, बहुधा तीन पिढ्यांसाठी, देण्यात आली. बदल्यात घोडा आणि हत्यारबंद माणसे राखायची. अनेक गावे मुलींच्या नावावर चढली, कारण लढाईत मेलेल्या शिपायाच्या मुलीला गाव दिले की तिच्याशी लग्न करायला नवा रेइनोल सापडे. मुलगी हा जमीन एका परक्याच्या हातून दुसऱ्या परक्याच्या हाती नेणारा पूल झाली.

१८.
मुंबई बेट याच पद्धतीने दिलेले होते. १६६५ मध्ये इंग्रजांनी ते ताब्यात घेतले तेव्हा बेटाची धनीण दोना इनेस द मिरांदा ही विधवा होती. लोक तिला ‘बेटाची मालकीण’ म्हणत. हस्तांतराच्या कागदांवर सह्या झाल्या त्या तिच्याच वाड्यात. तिच्या आधी शंभर वर्षे हेच बेट गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते.

१९.
ओर्ताची कथा उतरंडीचा आणखी एक पैलू दाखवते. तो जन्माने ज्यू कुटुंबातला, म्हणजे ‘नवख्रिस्ती’. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो उपचाराला जात असे. हिंदी वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पैसा, विद्या, व्हाइसरॉयांची मैत्री, सर्व होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून काढून जाळली गेली. श्रीमंतीने वर चढता येत होते, पण आजोबांचा धर्म मेल्यावरही पाठ सोडत नव्हता.

२०.
वसई ही फिदाल्गोंची नगरी. तिला थट्टेने ‘दों बासाईं’, म्हणजे जणू ‘वसईराव’, म्हणत. १६३५च्या सुमारास दफ्तरदार अंतोनियो बोकारोने (तोही नवख्रिस्तीच!) पोर्तुगीज ठाण्यांची पाहणी लिहिली, तीत वसईत सुमारे ४०० पोर्तुगीज आणि सुमारे २०० स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे दाखवली आहेत. या दोन आकड्यांच्या बाहेर जे होते त्यांच्या श्रमावर नगरी चालत होती : भाताची आणि उसाची शेती करणारे कुणबी, मासेमारी करणारे कोळी, दगड घडवणारे पाथरवट, आणि गुलाम. गुलाम मोझांबिकचे, बंगालचे, मलबारचे, काही चीन-जपानचेही. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर त्यांचा लिलाव होई. मालकाचा दर्जा त्याच्या पालखीमागे किती गुलाम चालतात यावर मोजला जाई.

२१.
स्थानिक ख्रिस्ती माणसाची जागा कोठे? धर्म बदलला तरी गोव्यात जात टिकली. बामण, चारडे, सुदीर हे थर चर्चच्या आतही राहिले. आणि उच्च जातीचा असला तरी तो गोऱ्यांच्या पंक्तीला नव्हता. साधूंचे मठ त्याला घेत नसत. दिवाडीच्या मातेउश द काश्त्रू या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो थेट रोमला गेला, धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. गोव्यातील पोर्तुगीज धर्मसत्तेने त्याचा अधिकार अखेरपर्यंत मानला नाही. दुसरीकडे, ज्यांची देवळे पाडली त्या हिंदूंपैकीच अनेक सावकार सरकारी कर गोळा करण्याचे मक्ते घेत होते. त्यांच्या पैशावाचून शिपायाचा पगारही निघत नसे. नगरसभेत त्यांना जागा नव्हती, तिजोरीत होती.

२२.
१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे-साष्टी घेतली. त्यात गंगाजी नाईक अंजूरकरांसारख्या स्थानिक मंडळींचा मोठा वाटा होता. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तहाच्या अटींनुसार ज्यांना जायचे त्यांना जाऊ दिले. दोन शतके गावांच्या खंडावर जगलेली घराणी गोव्याला पोहोचली ती गावांवाचून. नाव, किताब आणि वंशावळ एवढेच हाती राहिले. स्थानिक ख्रिस्ती मात्र वसईतच राहिले. शेती त्यांची, मच्छी त्यांची, चर्चही त्यांचे. आजही किल्ल्यातील पडक्या चर्चच्या जमिनीत फिदाल्गोंची आणि दोनांची नावे कोरलेल्या शिळा दिसतात.

२३.
गोव्यात उरलेल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना ‘देसेंदेंती’, म्हणजे वंशज, हे नाव पडले. कोकणीत त्यांना ‘मेस्तीस’ म्हणत आणि पोर्तुगालहून ताज्या आलेल्या गोऱ्याला ‘पाखलो’. शेती नाही, व्यापार नाही, म्हणून त्यांनी सैन्यातील अधिकारपदे धरून ठेवली. १७६१ मध्ये मार्क्विस पोंबालच्या सरकारने हिंदी ख्रिस्ती आणि पोर्तुगीज यांना समान ठरवले. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी ते दडपून ठेवले, म्हणून १७७४ मध्ये पुन्हा बजवावे लागले. तरीही स्थानिक धर्मगुरूंना वरची पदे मिळेनात, आणि १७८७च्या पिंटोंच्या कटामागे हेच दुखणे होते.

२४.
१८३५च्या जानेवारीत बेर्नार्दो पेरिश दा सिल्वा हा स्थानिक गोवेकर गोव्याचा प्रमुख झाला. सव्वातीन शतकांच्या पोर्तुगीज अमलातला हा पहिलाच. तीन आठवड्यांच्या आत लष्कराने उठाव करून त्याला हुसकावले आणि त्याला मुंबईचा आश्रय घ्यावा लागला. उठावाच्या मागे मुख्यत्वे देसेंदेंती अधिकारी होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न एका नेमणुकीचा नव्हता. सैन्य ही त्यांची शेवटची पायरी होती, आणि तिच्यावरून ढकलले गेल्यास खाली जे उभे होते त्यांत आणि आपल्यात काय फरक उरेल, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

२५.
ती पायरी पुढे लिस्बननेच काढून घेतली. गोव्याच्या सैन्यात पुन्हा बंड झाले, तेव्हा १८७१ मध्ये ते सैन्य बरखास्त करण्यात आले. अधिकाऱ्यांची घरे एका हुकुमाने बेकार झाली. पुढच्या काळात गोव्याचा बंदोबस्त पोर्तुगालहून आणि आफ्रिकेतील वसाहतींतून पाठवलेल्या शिपायांकडे गेला.